चर्चमधली जुनी पायपेटी: सूर ठेवा, कापड बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगर जिल्ह्यातल्या एका चर्चमध्ये मिशनऱ्यांच्या काळातला ‘पाइप ऑर्गन’ आहे. वर सोनेरी वेलबुट्टीच्या नळ्यांची रांग, खाली दोन पायडल. गेली तीसेक वर्षं तो बंद आहे. एका कारागिरानं पाहून सांगितलं की आतले जुने सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी जिभा, काढून नवे घालावे लागतील आणि पायडलच्या जागी मोटर बसवावी लागेल. मंडळीतले काही जण म्हणतात, एवढ्या पैशांत चांगला कीबोर्ड येईल. या वाद्याचा इतिहास काय, आणि ते दुरुस्त होईल का? सोबत चौदा फोटो पाठवले आहेत.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. आतल्या जुन्या पितळी सुरांना कोणालाही हात लावू देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण तोवर ते सूर जिथे आहेत तिथेच राहू द्या.

आता ओळख. वरच्या नळ्या शोभेच्या आहेत. मागच्या बाजूनं हात घालून पाहा. खालून वारा यायला वाटच नाही, नळ्या नुसत्या फळीवर उभ्या केलेल्या आहेत. चर्चमध्ये शोभावा म्हणून अमेरिकन कारखाने पेटीवर असा मुकुट चढवत असत. खरा आवाज खालच्या पेटीत, पितळेच्या पातळ जिभांमधून निघतो. तेव्हा हा रीड ऑर्गन आहे. आपल्याकडे त्याला पायपेटी म्हणतात, आणि नाटकवाल्यांच्या तोंडी तो नुसता ‘ऑर्गन’. यानं हिरमुसून जाऊ नका. खरा पाइप ऑर्गन असता तर शिशा-कथलाच्या शेकडो नळ्या, वाऱ्याच्या पेट्या आणि ते काम जाणणारी माणसं, सगळंच दुर्मीळ झालं असतं. पायपेटी मात्र चार माणसांनी उचलून एका मोठ्या टेबलाशेजारी ठेवता येते आणि हातात कसब व धीर असलेला माणूस ती पूर्ण उघडून पुन्हा मिटवू शकतो. मी आजवर ज्या पायपेट्या उघडल्या, त्यांतल्या ‘संपल्या’ म्हणून सांगितलेल्या बहुतेक पेट्यांचे सूर शाबूत होते. संपलं होतं ते कापड.

इतिहास विचारलात. एकोणिसाव्या शतकात, 1840च्या सुरुवातीच्या वर्षांत, पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं यानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्यात भाता वारा दाबून सुरांतून बाहेर ढकलतो. अमेरिकेत जेरेमाया कारहार्ट यानं 1846 मध्ये याच्या उलट रचनेचं पेटंट मिळवलं. तिथे भाता पेटीतली हवा बाहेर काढतो, आत पोकळी होते आणि बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते. दाबलेल्या वाऱ्याचा आवाज धारदार येतो, ओढलेल्या वाऱ्याचा गोल आणि मऊ. तुमची पेटी या दुसऱ्या जातीची आहे. फोटो क्रमांक 6 मध्ये सूर वरून, पट्ट्यांच्या मागच्या अरुंद खोबणींत सरकवून बसवलेले दिसतात, ही त्याची खूण. आपल्या हातपेटीत सूर स्क्रूनं किंवा खिळ्यानं फळीवर आवळलेले असतात, तसे हे नाहीत.

पुढे बॉस्टनची मेसन अँड हॅमलिन ही कंपनी 1854 मध्ये निघाली. व्हरमॉंट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीनं तर पाच लाखांहून अधिक रीड ऑर्गन बनवले. शिकागोच्या बिल्हॉर्नचे घडीचे ऑर्गन सुटकेससारखे मिटत, आणि खेड्यापाड्यांतून फिरणारे प्रचारक ते बरोबर नेत. हे वाद्य मिशनऱ्यांना सोयीचं का पडलं ते उघड आहे. जहाजाच्या तळघरातून महिनोन्महिने प्रवास करून आलं तरी त्याचा सूर हलत नाही. पियानो प्रत्येक ऋतूत उतरतो, पितळी सूर दशकं जागेवर राहतो. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. त्यामुळे नगरच्या पट्ट्यात अमेरिकन ऑर्गन सापडावा यात नवल नाही.

तुमच्या पेटीवरची नावाची पट्टी गेली आहे, म्हणून कंपनी मी छातीठोकपणे सांगणार नाही. मागची फळी काढली की आतल्या चौकटीवर ठोकलेला आकडा शोधा. डावीकडची पहिली पट्टी उचलली की तिच्या अंगावर, किंवा सुरांच्या फळीखाली, पेन्सिलीनं लिहिलेली तारीख किंवा सही बरेचदा मिळते. एस्टीसारख्या कंपन्यांच्या अनुक्रमांकांवरून बनावटीचं वर्ष काढता येतं. ते अक्षर पुसट असेल तर ओल्या फडक्यानं पुसू नका. बाजूनं बॅटरीचा झोत टाकून फोटो काढा.

आपल्या मराठी कानांना या वाद्याचा आवाज ओळखीचा वाटतो तो चर्चपेक्षाही नाटकामुळे. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी पायडल काढून हातपेटी रूढ केली आणि बैठकीत ती बसली. पण नाटकमंडळ्यांना मोठा मांडव भरणारा, गायकाच्या आवाजाखाली गालिच्यासारखा पसरणारा सूर हवा होता, आणि दोन्ही हात मोकळे हवे होते. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाखांसाहेबांचा तबला, हा संच जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यांच्या कानात आजही आहे. नगरच्या चर्चमध्ये त्याच जातीच्या पेटीवर नारायण वामन टिळकांची भजनं वाजली असणार. एकाच वाद्यावर वाजवण्याच्या दोन रीती महाराष्ट्रात शेजारी शेजारी नांदल्या. चर्चमध्ये चार सुरांची एकत्र पकड, रंगमंचासमोर गायकाच्या पावलावर पाऊल ठेवत जाणारी एकेरी चाल. तुमच्या वाद्याची किंमत करताना हा वारसाही हिशेबात धरा.

आता सुरांकडे. हा भाग जरा निवांत वाचा, कारण सगळा वाद इथेच आहे.

एक सूर बाहेर काढायचा तर त्याच्या टोकाशी असलेल्या खाचेत छोटा आकडा अडकवायचा आणि सरळ आपल्याकडे ओढायचा. हलका करकर आवाज होतो आणि बोटभर लांबीची पितळी चौकट हातात येते. तिच्यात एक जीभ एका बाजूला रिव्हेटनं बसवलेली, दुसरं टोक मोकळं. जीभ आणि चौकट यांच्यात केसाएवढी फट. त्या फटीत लोकरीचा एक तंतू अडकला तरी सूर मुका होतो. तुमचे ‘मेलेले’ म्हणून मोजलेले निम्मे सूर यामुळेच गप्प असतील. आता ती चौकट डोळ्यांसमोर आडवी धरा आणि खिडकीच्या उजेडात कडेनं पाहा. जीभ सपाट दिसणार नाही. टोकाशी किंचित वर, मग खाली, आणि एका अंगाला पीळ दिलेला, असा तिचा आकार दिसेल. नवशिक्या कारागिराला वाटतं की जीभ वाकडी झाली आहे, आणि तो ती नखानं दाबून सरळ करतो. तिथेच तो सूर मरतो.

कारण तो बाक मुद्दाम दिलेला असतो. एमन्स हॅमलिन या अमेरिकन कारागिरानं 1840च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती रूढ केली. जिभेला ठरावीक पीळ दिला की तिचा चरचरीत आवाज गोड होतो आणि वेगवेगळ्या बाकांनी वेगवेगळे ‘रंग’ तयार होतात. सुरांचे संच उघडणाऱ्या ओढायच्या खुंट्यांवर, म्हणजे स्टॉपवर, व्हायोला, मेलोडिया, डल्सियाना अशी नावं लिहिलेली असतात, ती काही अंशी याच फरकाची. कारखान्यात हे काम एकेक सूर हातात घेऊन, कानानं, अनुभवी माणसं करत. आज बाजारात मिळणारे सूर हातपेटीसाठी बनवलेले असतात, मग ते गुजरातमधल्या पालिताण्याचे असोत नाहीतर जर्मन. आपल्या जागी ते उत्तम आहेत. पण त्यांची चौकट वेगळी, बाक वेगळा आणि ते दाबाच्या वाऱ्यासाठी आहेत. ते घालायचे तर तुमच्या पेटीच्या खोबणी कोरून काढाव्या लागतील. मग समोर ऑर्गनचं लाकूड उरेल आणि आवाज हातपेटीचा येईल. मागे परत जायचा रस्ता राहणार नाही.

म्हणून माझं ठाम मत असं. पायपेटीत दोन तऱ्हेच्या वस्तू असतात. भात्याचं रबरी कापड, झडपांवरचं चामडं आणि फेल्ट, पायडलचे पट्टे, सरस या सगळ्या झिजण्यासाठीच असतात. बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं की चाळीस-पन्नास वर्षांनी कोणीतरी त्या बदलणार आहे. सूर, सुरांची फळी, लाकडी चौकट या वस्तू टिकण्यासाठी असतात. पहिल्या तऱ्हेचं सगळं बिनधास्त बदला. दुसऱ्या तऱ्हेचं फक्त स्वच्छ करा.

स्वच्छ करणं म्हणजे चकचकीत करणं नव्हे, हेही लिहून ठेवतो. चिंच, लिंबू, भांडी घासायची पूड यातलं काहीही सुरांना लावू नये. आम्ल पितळ खातं. जीभ अगदी थोडी पातळ झाली तरी सूर हलतो. मऊ ब्रशनं धूळ झाडायची, फारच चिकट असेल तर स्पिरिटनं हलकं पुसायचं, आणि पातळ कागदाची पट्टी जिभेखालून एकदा ओढायची. बस्स. पितळ काळपट राहिलं तर राहू द्या.

सूर काढताना एका लाकडी फळीवर त्यांच्या क्रमानं खाचा करून घ्या आणि प्रत्येक सूर त्याच्याच खाचेत ठेवा. पाच सप्तकांच्या पेटीला 61 पट्ट्या. दोन पूर्ण संच असतील तर 122 सूर झाले. एकदा ताटात ओतले गेले की लावत बसायला दोन दिवस जातात, आणि शेजारशेजारचे सूर अदलाबदल झाले तर चूक सहज सापडतही नाही.

सूर लावण्याबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती अजून मला टोचते. उमेदवारीच्या काळात एका पेटीतला सेलेस्ट नावाचा संच मला बेसूर वाटला. शेजारच्या संचाशी मिळवून पाहिला की आवाजात लाट उठायची, वाव-वाव असं व्हायचं. मी दोन दिवस बसून, कानशीनं घासून, तो संच शेजारच्याशी तंतोतंत जुळवला. माझे उस्ताद आले, त्यांनी तो स्टॉप ओढला, एक स्वर धरला आणि गप्प बसले. सेलेस्ट मुद्दामच किंचित चढा लावलेला असतो. ती लाट हाच त्याचा प्राण. मी तो पुसून टाकला होता. परत आणायला पुन्हा घासावं लागलं, म्हणजे पितळ दुसऱ्यांदा गेलं. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो. पण दोन्हीकडे घासलेलं पितळ परत येत नाही. तेव्हापासून मी कुठल्याही सुराला कानस लावण्याआधी तो स्वच्छ करून, जागेवर बसवून, वारा पुरेसा देऊन, दोन वेगळ्या दिवशी ऐकतो. त्यात बहुतेक वेळा कानशीची गरजच उरत नाही.

याच ओघात पट्टीचा, म्हणजे सगळे सूर किती उंच लावायचे याचा प्रश्न. जुने अमेरिकन ऑर्गन आजच्या 440च्या मापाला (मधल्या ‘ए’ स्वराची सेकंदाला 440 कंपनं) नसतात. अनेक 435च्या आसपास असतात. फरक अर्ध्या स्वराच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढा. तुमचा गिटारवाला म्हणेल, ‘सगळा चढवून घ्या.’ नका घेऊ. एवढ्यासाठी प्रत्येक जिभेचं टोक घासावं लागेल. गिटार उतरवता येते, तबला उतरवता येतो, आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला तर बटणानं 435 वर आणता येतं. जुळवून घेणं ज्यांना सोपं आहे त्यांनी जुळवून घ्यावं.

कामाचा क्रम म्हणाल तर पहिली परीक्षा भात्याची. दोन्ही पायडल मारून आतला मोठा भाता पूर्ण आवळू द्या, पाय उचला आणि घड्याळ लावा. आतल्या स्प्रिंगा त्याला हळूहळू उघडतात. चांगला भाता अर्धा मिनिट तरी टिकतो. तुमचा बहुधा श्वासभरही टिकणार नाही, कारण फोटो 11 मध्ये कापडाच्या घड्या सुरकुतून फाटलेल्या दिसतात. गळती शोधायला उदबत्तीसारखं साधन नाही. दुसऱ्यानं पायडल मारत राहावं आणि तुम्ही उदबत्ती सांध्यासांध्यांवरून हळू फिरवा. धूर जिथे वळून आत ओढला जातो तिथे भेग आहे. खडूनं खूण करा. कापड जवळ असतं, तेव्हा निखारा बोटभर लांब ठेवा. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात सुरांच्या फळीला लांबट चीर जाते. ती याच परीक्षेत सापडते.

जोडकाम सरसानंच करायचं. गरम सरस, पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ केलेला. सुताराकडचा पांढरा गोंद मजबूत असतो यात शंका नाही, पण पन्नास वर्षांनी पुढचा माणूस हा भाता उघडेल तेव्हा सरस ऊब आणि ओल देऊन सुटतो, तो गोंद लाकडाचा थर घेऊन येतो. कापड रबराचा थर असलेलं, पण मऊ घ्या. जाड ताडपत्रीसारखं घेतलं तर भाता नीट मिटत नाही आणि वाजवणाऱ्याची पोटरी भरून येते.

फोटो 9 मध्ये झडपांच्या खाली उंदराचं घरटं आहे, आणि फेल्टला कसर लागलेली स्पष्ट दिसते. तिथलं फेल्ट आणि चामडं दोन्ही जाईल. नवं चामडं सगळ्या झडपांना एकाच जाडीचं लावा, नाहीतर पट्ट्या वरखाली होतील. झडपेच्या तारेच्या स्प्रिंगा मात्र जपून ठेवा, त्या बहुधा पुन्हा वापरता येतील. गुडघ्यानं ढकलायच्या दोन दांड्या आहेत. उजवी आवाज मोठा करते, डावी सगळे स्टॉप एकदम उघडते. तुमची डावी दांडी तुटली आहे. ती गावातला चांगला सुतारही करून देईल.

मोटरबद्दल. पायडलमुळे वाजवणारा वाऱ्यावर ताबा ठेवतो. ओळीच्या शेवटी पाय हलका केला की सूर श्वासासारखा ओसरतो. मोटर एकाच ओढीनं खेचत राहते. वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना त्रास असेल तर मोटर बाहेर, वेगळ्या पेटीत ठेवून नळीनं जोडता येते, एकही भोक न पाडता. पायडल काढू नका.

जुनं किती ठेवायचं हा प्रश्न जगभर पडतो. फिलिपिन्समधल्या लास पिन्यास इथे फादर दिएगो सेरा यांनी 1824 मध्ये पुरा केलेला पाइप ऑर्गन आहे. 1031 नळ्यांपैकी 902 बांबूच्या. भूकंप, वादळं आणि कीड यांनी तो खिळखिळा झाला होता. 1973 मध्ये तो सुटा करून जर्मनीत बॉन शहरातल्या क्लाइस यांच्या कारखान्यात पाठवला गेला आणि 1975 मध्ये दुरुस्त होऊन परतला. सगळ्या नळ्या धातूच्या करणं त्यांना सोपं गेलं असतं. त्यांनी बांबू ठेवला, म्हणून आज लोक तो ऐकायला जातात.

आता तुमच्यापुरतं. साहित्याचा खर्च तुम्हाला वाटतो त्याहून कमी आहे. पैसा जातो तो हातांच्या वेळेत. एका जाणत्या माणसाला मदतनीस धरून तीन ते चार महिने लागतील. पावसाळ्यात भात्याचं काम काढू नका. हवेत ओल असली की सरस नीट वाळत नाही, आणि फुगलेल्या लाकडावर बसवलेली झडप थंडीत गळू लागते. दिवाळीनंतर सुरू केलंत तर ईस्टरच्या उपासनेला पेटी तयार असेल. या नाताळचं वचन कोणी देत असेल तर त्याच्याकडे देऊ नका. कारागिराकडून लेखी घ्या: एकही सूर बदलणार नाही, काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत देईल, आणि कानस लावण्याआधी तुम्हाला ऐकवेल. यावर जो कुरकुर करेल तो तुमचा माणूस नाही.

कीबोर्ड घ्यायचा तर जरूर घ्या, तरुण मुलांना तो हवाच असतो. पण पायपेटी विकून घेऊ नका. चर्चच्या पंच कमिटीत हा मुद्दा निघेल तेव्हा वाद घालत बसण्यापेक्षा एक गोष्ट करा. मागची फळी काढा, मधल्या सप्तकातला एकच सूर आकड्यानं बाहेर ओढा, ब्रशनं झाडा, कागदाची पट्टी जिभेखालून फिरवा आणि चौकटीच्या ज्या अंगावर जीभ बसवली आहे त्याच्या पाठीमागच्या अंगाला ओठ लावून हवा हळूच आत ओढा. भात्याची, मोटरची, कशाचीच गरज नाही. सूर बोलेल. तो पाळकसाहेबांना आणि कमिटीला ऐकवा, परत त्याच खोबणीत सरकवा, आणि मागच्या चौकटीवरचा आकडा मला कळवा.